सहा मिलिमीटरची गाठ

सर,

तुम्हाला जाऊन बारा वर्षं होऊन गेली. या बारा वर्षांत तुमच्याबद्दल कुणी विचारलं की मी एकच उत्तर देत आले, माझा हात सरांनी घडवला. परवा डॉक्टरांच्या एका कार्यक्रमात पुन्हा तेच बोलले, लोकांनी माना डोलावल्या, आणि घरी येताना गाडीत मला माझाच संताप आला. खोटं नव्हतं ते. हात तुम्हीच घडवलात. पण त्या हाताबरोबर तुम्ही मला एक भीती दिलीत, आणि ती भीती म्हणजे शिस्त असं मी वीस-बावीस वर्षं समजत राहिले. तुम्ही समोर असताना मला तुमचा राग कधी आला नाही. तेव्हा वाटायचं, चूक माझीच होती. आता राग आला आहे तर समोर तुम्ही नाही. म्हणून लिहिते आहे.

तुम्हाला ती बाई आठवते का, भोकरदनकडची? मला तिचं लुगडंसुद्धा आठवतं, हिरवं, काठाला विटलेलं. मी तुमच्याकडे शिकायला येऊन दुसरं वर्ष चालू होतं. ओपीडीत ती माझ्यासमोर बसली आणि पदर बाजूला करून गळ्याची गाठ दाखवली. लिंबाएवढी असेल. चार वर्षांपासून आहे म्हणाली. गिळायला त्रास नाही, दम नाही, आवाज खणखणीत. मी सुईची तपासणी करवली, त्यात वाईट काही निघालं नाही. तरी मी तिला म्हटलं, ऑपरेशन करून घ्यावं लागेल, भरती व्हा. ती म्हणाली, "डाक्टरीनबाई, कापूस फुटून राह्यला. वेचायला माणूस मिळून न्हाई राह्यलं. तेवढा घरात पडू द्या, मंग येते. बराबर येते." मी हो म्हटलं. माझी आई कापूस वेचायला जायची. वेचणीच्या दिवसांत घरातली बाई भरती होत नसते, हे मला पुस्तकात वाचावं लागलं नव्हतं.

ती आली तेव्हा सहा महिने झाले होते. गळा एका बाजूने सुजून दगडासारखा झालेला, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज. नवरा सांगत होता की हे सगळं मागच्या महिन्याभरात वाढलं, आधी काही नव्हतं. तुम्ही तिला तपासलंत, तुकडा तपासायला पाठवलात, गळ्याला छिद्र पाडून नळी बसवलीत. पाचव्या दिवशी सकाळच्या राउंडला तुम्ही तिच्या खाटेजवळ थांबलात आणि मला पुढे बोलावलंत. आम्ही चौदा-पंधरा जण होतो, शिवाय सिस्टर, शिवाय तिचा नवरा. तुम्ही मला तिच्या उशाशी उभं केलंत आणि बाकीच्यांना म्हणालात, "हिच्याकडे नीट बघून घ्या. पेशंटकडे नाही, हिच्याकडे. हिला दया आली म्हणून हिने सहा महिने वाट बघितली." मग माझ्याकडे वळून म्हणालात, "कॅन्सरला छोटा-मोठा नसतो. गाठ दिसली की काढायची, आणि काढायची तर पूर्ण काढायची. वाट बघायची असेल तर शेती कर." कुणीतरी हसलं. राउंड संपेपर्यंत मी तिथंच उभी राहिले, कारण तुम्ही मला हल म्हणून सांगितलं नव्हतं. ती बाई नळीमुळे बोलू शकत नव्हती. तिने माझं मनगट धरलं. आता माझी खात्री आहे की ती मला धीर देत होती. तेव्हा मला वाटलं, ती मला जाब विचारते आहे. अकराव्या दिवशी ती गेली. नवऱ्याने मला हात जोडले आणि तो गेला. तुमच्या बोलण्यातलं त्याला किती कळलं होतं हे मला आजपर्यंत माहीत नाही.

त्यानंतर मी बदलले. तुम्ही खूश होतात. मी एकही गाठ ठेवली नाही. संशय असो नसो, अर्ध्याने भागत असो नसो, मी गळ्यातली थायरॉईडची संपूर्ण ग्रंथी काढायला शिकले आणि चांगलं शिकले. आवाजाची नस कुठून कुठे जाते ते तुम्ही माझं बोट धरून दाखवलंत, खरोखर बोट धरून. शेवटच्या वर्षी माझे वडील मला भेटायला आले होते. धोतर, पायात टायरच्या चपला, हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी. तुमच्या खोलीच्या दारात ते घुटमळले. तुम्ही उठलात, स्वतःची खुर्ची त्यांना दिलीत, चहा मागवलात आणि म्हणालात, "साहेब, तुमच्या मुलीचा हात चांगला आहे." आमच्या वस्तीत ही गोष्ट वडिलांनी मरेपर्यंत सांगितली. त्यांना तोवर कुणी साहेब म्हटलं नव्हतं. ते कामाला असायचे त्या कापसाच्या जिनिंगमध्ये लोक त्यांना नावानेसुद्धा हाक मारायचे नाहीत, नुसतं ए म्हणायचे. हे मी विसरत नाही, सर. विसरले असते तर हे लिहिणं सोपं गेलं असतं.

तुमचा नियम तुमच्या काळात बरोबर होता, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. तुमच्याकडे जी गाठ यायची ती घरच्यांना दिसून, शेजाऱ्यांना दिसून, गंडेदोरे करून, मग एसटीने यायची. ती यायची तेव्हा उशीर झालेलाच असायचा. आता तसं राहिलेलं नाही. माझ्या हॉस्पिटलसमोरच्या रस्त्यावर, स्टेशनकडून गांधी चमनच्या चौकाकडे जाताना, सोनोग्राफीच्या किती पाट्या आहेत ते मी मोजत नाही. संपूर्ण तपासणीचं पॅकेज असतं, त्यात गळाही बघतात. मान दुखते म्हणून गेलेल्या माणसाच्या गळ्यात तांदळाएवढं काहीतरी सापडतं. पूर्वी मला वर्षात थायरॉईडचे चार-पाच कॅन्सर दिसायचे, आता एखाद्या महिन्यात तेवढे दिसतात, आणि त्यातले बहुतेक हाताला लागतसुद्धा नाहीत. गळ्याच्या या कॅन्सरने मरणारे लोक मात्र मला पूर्वीइतकेच दिसतात. ते आजही उशिराच येतात, आजही तालुक्याच्या पलीकडून येतात. म्हणजे आम्ही ज्यांना कापतो आहोत त्यांतल्या बऱ्याच जणांना ही गाठ जन्मभर त्रास देणार नव्हती. हे मी वाचलं होतं. परिषदांमध्ये ऐकलं होतं. अशा बारक्या गाठीवर दर सहा महिन्यांनी नजर ठेवली तरी चालते, काढायचीच तर अर्धी ग्रंथी काढून भागतं, हे सगळं मला माहीत होतं. तुम्ही असतात तर तुम्हालाही कळलं असतं. तरी तुम्ही बदलला असतात का, मला शंका आहे.

दोन वर्षांपूर्वी एक बाई आली. वय चौतीस. इथेच गावात मस्तगडला राहते, माहेर राजूरजवळचं. एका बियाणे कंपनीत फोनवर बसायची. सकाळी दहापासून कानाला यंत्र लावायचं आणि शेतकऱ्यांचे फोन घ्यायचे. ताई, पानं लाल पडून राह्यली. ताई, उगवण झाली न्हाई. परभणीपासून बुलढाण्यापर्यंतची माणसं तिच्याशी बोलायची, आणि काही तर दुसऱ्या कुणी फोन उचलला की म्हणायचे, त्या ताईला द्या. आठ वर्षं हे काम. कंपनीत तपासणीचं शिबिर झालं, त्यात तिच्या गळ्यात सहा मिलिमीटरची गाठ सापडली. सुईच्या तपासणीत कॅन्सर निघाला. हळू वाढणारा, सगळ्यात साधा प्रकार. आजूबाजूला कुठे पसरलेला नाही. ती नवऱ्याला घेऊन आली. नवरा शाळेच्या मुलांची रिक्षा चालवतो. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. तो म्हणाला, "म्याडम, क्यान्सर म्हणल्यावर आता काय राह्यलं. जल्दी काढून टाका. बिलकुल ठेवू नका."

तिने मात्र प्रश्न विचारला. एकच. सावकाश, फोनवर बोलत असेल तशा आवाजात. "म्याडम, इतकी बारकी आहे म्हणता, तं लगेच काढावी लागती का?"

तिला उत्तर द्यायला माझ्याकडे सगळं होतं. सहा महिने थांबून बघता येईल, असं म्हणता आलं असतं. एकच बाजू काढू, असं म्हणता आलं असतं. आवाजाच्या नसेला धक्का लागू शकतो आणि तुमचं काम आवाजाचं आहे, तेव्हा घरी जाऊन विचार करा, असं म्हणता आलं असतं. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "कॅन्सरला छोटा-मोठा नसतो." तुमचं वाक्य, तुमच्याच चालीत. नवऱ्याने हात जोडले. मी पुढच्या सोमवारची तारीख दिली. नसेला धक्का लागू शकतो हे मी सांगितलं, नाही असं नाही, पण फॉर्मवर सही घेताना, सगळ्यांना सांगतात तसं, कागदाकडे बघत.

ऑपरेशन चांगलं झालं. मी दोन्ही बाजू काढल्या. दोन्ही नसा मला दिसल्या, दोन्ही वाचल्या असं मी नोंदीत लिहिलं. संध्याकाळी तिच्या खाटेपाशी जाऊन म्हटलं, नाव सांगा. तिने सांगितलं. निघाली ती नुसती हवा. मी म्हटलं, सूज आहे, दोन-तीन आठवड्यांत येईल. दोन आठवड्यांनी बोटांना मुंग्या येतात म्हणून आली, थायरॉईडला चिकटलेल्या बारीक ग्रंथींना धक्का बसून कॅल्शियम उतरलं होतं. दोन महिन्यांनी घशात दुर्बीण घालून बघितलं तर डावीकडची स्वरपट्टी हलत नव्हती. सहा महिने, वर्ष. आवाज थोडा परतला, घोगरा, फाटका, दोन वाक्यांनंतर दम लागणारा. कामावर परत गेली तेव्हा शेतकरी फोनवर म्हणायचे, ताई, फोन खराब आहे का, आवाज येईना. ती सांगायची, लाइन खराब आहे. महिनाभर तिने असं निभावलं. मग कंपनीने तिला नमुन्यांच्या पाकिटांना चिठ्ठ्या लावायच्या कामावर बसवलं. तिथे बोलावं लागत नाही. हे तिने मला हसत सांगितलं होतं, आणि जाताना नेहमीसारखी पाया पडली होती. प्रत्येक वेळी पाया पडायची. नवरा बाहेर रिक्षात बसलेला असायचा, मी दिसले की रिक्षातून उतरून नमस्कार करायचा. जीव वाचवला तुम्ही, म्हणायचा. चतुर्थीला राजूरच्या गणपतीला जाऊन आला की प्रसाद माझ्या टेबलावर आणून ठेवायचा. मी तो खाल्ला, सर. प्रत्येक वेळी खाल्ला.

मागच्या दिवाळीनंतर मी कॉलेजात गेले होते. माझा एक वर्गमित्र आता तुमच्या खुर्चीवर आहे. थायरॉईडच्या जुन्या ऑपरेशनांची माहिती तो गोळा करतोय, मी त्या वर्षांत तिथे होते म्हणून मदतीला बोलावलं. सामानाच्या खोलीत बांधलेले जुने गठ्ठे होते. दुपारभर आम्ही ते उलगडत बसलो. भोकरदनकडच्या त्या बाईचा कागद माझ्याच हाताला लागला. तुकड्याचा रिपोर्ट. सगळ्यात वाईट जातीचा कॅन्सर, जो आठवड्या-आठवड्यात वाढतो आणि ज्याच्यापुढे तेव्हा कुणाचंच काही चालत नव्हतं, आजही फारसं चालत नाही. खाली तुमची सही, रिपोर्ट पाहिल्याची. तारीख राउंडच्या आदल्या दिवसाची.

मला संशय होता, तो आजचा नव्हता. पुस्तकं मीही वाचली होती, महिनाभरात वाढलं हे नवऱ्याचं बोलणं मीही ऐकलं होतं. पण मी तुम्हाला कधी विचारलं नाही, आणि तुम्ही कधी सांगितलं नाहीत. तो कागद खिशात ठेवून तुम्ही मला त्या खाटेजवळ उभं केलंत. सहा महिने आधी कापलं असतं तर ती जगली असती का? कदाचित. जुन्या गाठीतच कधी कधी हे रूप उगवतं, हे मला माहीत आहे. कुणालाच सांगता येत नाही. मग तेवढंच बोलायचं होतं ना, सर. कुणालाच सांगता येत नाही, हे एक वाक्य चौदा पोरांसमोर बोलायला तुम्हाला काय जड होतं? धडा पक्का बसावा म्हणून तुम्ही एका मरणाऱ्या बाईचा फळा केलात आणि माझा खडू. आणि धडा बसला. इतका बसला की वीस वर्षांनी एका बाईने साधा प्रश्न विचारला तेव्हा माझ्या तोंडून तुम्ही बोललात. ही चूक तुमच्यावर ढकलून मला सुटायचं नाही. सुरी माझ्या हातात होती. पण माझ्या वाट्याची चूक मी उचलते आहे, तर तुमच्या वाट्याची तुम्हीही उचला, एवढंच माझं म्हणणं आहे, आणि तुम्ही ती उचलण्याच्या पलीकडे जाऊन बसला आहात याचा मला विलक्षण राग येतो.

गेल्या महिन्यात ती तपासणीला आली तेव्हा मी दार लावून घेतलं आणि तिला सांगितलं. गाठीवर नुसती नजर ठेवता आली असती. काढायचीच तर एकच बाजू काढून भागलं असतं. तुम्ही विचारलं होतं आणि मी तुम्हाला नीट उत्तर दिलं नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. तिच्या हातात कॅल्शियमच्या गोळ्यांची पट्टी होती, ती तिने पर्समध्ये ठेवली.

"मंग तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. तो आवाज ऐकायला पुढे झुकावं लागतं.

"हो."

"मी काय म्हणले असते, मलाबी माहीत न्हाई. कदाचित म्हणलेच असते की काढा. हे तं इतके भेले होते. पण इचारायला पाहिजे होतं. माझा गळा होता." दम लागला म्हणून ती थांबली. "दोन वर्षं झाले मी तुमच्या पाया पडून राह्यले."

मी म्हटलं, तक्रार करायची असेल तर करा, मी कागद देते, मी नाकारणार नाही. ती म्हणाली, कागद द्या. मी बाहेर जाऊन सगळ्या फाइलची झेरॉक्स करून आणली, माझ्या हाताने. तिने ती नीट मोजून घेतली. मग दाराशी थांबून म्हणाली, "ह्यांना काही सांगू नका. हे रोज म्हणतात, म्याडमनं जीव वाचवला. त्यांना तेवढंच एक समाधान आहे. ते राहू द्या." ती पाया पडली नाही. मला बरं वाटलं आणि तितकंच वाईटही वाटलं. त्यानंतर ती माझ्याकडे आलेली नाही, दुसऱ्या डॉक्टरांकडे जाते. तक्रार केलेली नाही, अजून तरी नाही. नवरा स्टेशनजवळ रिक्षा घेऊन उभा असतो. मी दिसले की आजही उतरून नमस्कार करतो. मला हात जोडावे लागतात. दुसरं काय करू?

आता बारकी गाठ घेऊन कुणी आलं की मी अर्धा तास बोलते. थांबता येईल, अर्धी काढता येईल, पूर्ण काढता येईल, कशात काय धोका, घरी जा, चार दिवस विचार करा. पुष्कळदा लोक जातात आणि रस्त्यापलीकडच्या हॉस्पिटलात आठवड्याभरात पूर्ण ग्रंथी काढून येतात. कॅन्सर गळ्यात ठेवून घ्या म्हणणारी डॉक्टर त्यांना वेडी वाटते. परवा एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला तोंडावर विचारलं, "तुम्हाला ऑपरेशन येत न्हाई का?" मी म्हटलं, येतं. चांगलं येतं. काही जण थांबतात. थांबलेल्यांच्या तारखा मी स्वतः लिहून ठेवते, आणि कुणी तारखेला आलं नाही की मी स्वतः फोन लावते, तो उचलेपर्यंत मला ते हिरवं लुगडं दिसत राहतं. हेही तुमचंच देणं. ते कधी जाईल असं मला वाटत नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. तुमचं घर विकलं गेलं, तुमच्या पत्नी मुलाकडे परदेशात आहेत, आणि त्यांना हे वाचायला द्यावं इतकी काही मी दुष्ट झालेली नाही. फक्त एक सांगायचं राहिलं. तुम्ही गेलात तेव्हा मी आले नाही. इमर्जन्सी आहे, निघता येत नाही, असं कळवलं होतं. इमर्जन्सी नव्हती. मी ओपीडीत बसून होते आणि त्या दिवशी पेशंटही फारसे नव्हते. तिथे आले असते तर मला सगळ्यांसमोर रडू आलं असतं. तेवढं मला तुम्हाला द्यायचं नव्हतं.